कलिंगडाचे कलम : मर लागलेल्या जमिनीसाठी उपाय

कलिंगड हे कमी मुदतीत रोख पैसा देणारे पीक आहे. लागवडीपासून साधारणतः ७० ते ९० दिवसांत फळे काढणीस येतात. पूर्वी हे पीक प्रामुख्याने नदीच्या वाळवंटात घेतले जात असे. तेथे दरवर्षी पुराबरोबर नवी वाळू व गाळ येई, त्यामुळे वेलाला जणू नवीच जमीन मिळे. ठिबक सिंचन, प्लॅस्टिकचे आच्छादन आणि संकरित वाण आल्यापासून कलिंगड मळ्याच्या जमिनीत आले. त्याच गादीवाफ्यावर, त्याच आच्छादनावर कलिंगडामागून खरबूज, खरबुजामागून काकडी अशी वेलवर्गीय पिके घेण्याचा प्रघात वाढला. त्याचा परिणाम म्हणून मर रोगाचे प्रमाण वाढते. फळे नारळाएवढी झाली असताना, म्हणजे बी, खत, आच्छादन व मजुरी असा सर्व खर्च होऊन गेल्यावर, वेल माना टाकतात. त्या वेळी फवारणी किंवा आळवणी करून मेलेला वेल परत उभा राहत नाही.

अशा जमिनीसाठी एक उपाय म्हणजे रोगाला दाद न देणाऱ्या दुसऱ्या वेलाच्या मुळावर कलिंगडाचे कलम करणे. खुंटाची कल्पना आपल्या बागायतदारांना नवीन नाही. द्राक्ष डॉगरिज खुंटावर, संत्रा-मोसंबी जंबेरी किंवा रंगपूर लिंबावर आणि चिकू खिरणीवर बांधला जातो. तेच तत्त्व तीन महिन्यांच्या वेलाला लावलेले आहे, एवढाच फरक. जपानमध्ये १९२० च्या दशकाच्या अखेरीस मर रोगावर उपाय म्हणून कलिंगड भोपळ्याच्या मुळावर बांधण्यास सुरुवात झाली. पुढे ही पद्धत कोरिया, तैवान व चीनमध्ये रुजली. जमीन निर्जंतुक करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मिथिल ब्रोमाइड वायूवर विकसित देशांत २००५ पासून बंदी आल्यावर स्पेनसारख्या युरोपीय देशांतही तिचा प्रसार वाढला.

मात्र कलमी रोप महाग असते आणि ते सर्व रोगांवरचे औषध नाही. म्हणून कलमाकडे वळण्यापूर्वी आपल्या रानात नेमके काय बिघडले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

आधी रोग ओळखा

मर रोग फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी मुळातून आत शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. त्यामुळे जमिनीत ओल असूनही वेल तहानलेला राहतो. सुरुवातीला वेलाची एखादीच फांदी भर दुपारी कोमेजते, संध्याकाळी पुन्हा टवटवीत दिसते. चार-सहा दिवसांत संपूर्ण वेल वाळतो. या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू यजमान पीक नसतानाही जमिनीत अनेक वर्षे तग धरतात. बियाणे, अवजारांना लागलेली माती व वाहते पाणी यांमार्फत रोग नव्या रानात जातो.

वेल कोमेजला म्हणजे मर रोगच, असे समजू नये. कोमेजलेले पाच-सहा वेल मुळासकट उपटावेत, मुळे धुवावीत आणि बुडख्याजवळचे खोड धारदार चाकूने उभे चिरून पाहावे.

१) खोडाच्या आतील नलिका तपकिरी झालेल्या आढळल्यास मर रोग समजावा. येथे कलमाचा उपयोग होतो.
२) मुळांवर गाठी दिसल्यास सूत्रकृमींचा उपद्रव आहे. दुधी व भोपळ्याच्या मुळांनाही सूत्रकृमी लागतात, त्यामुळे या खुंटांवरील कलमाने हा प्रश्न सुटत नाही.
३) मुळे कुजून काळी पडली असतील व वाफ्यात पाणी साचत असेल, तर प्रथम निचरा सुधारावा.
४) बुडख्याजवळ खोड चिरून डिंकासारखा स्राव येत असेल, तर तो डिंक्या रोग आहे. त्यावर कलम हा उपाय नाही.
५) शेंडे करपून वाढ खुंटली असेल, तर फुलकिड्यांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा संशय घ्यावा. भुरी, केवडा, फळमाशी व तांबडे भुंगेरे यांचा उपद्रवही कलमी वेलावर साध्या वेलाइतकाच होतो.

शंका राहिल्यास नमुने जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात दाखवावेत.

खुंटाची निवड

दुधी भोपळा : कलिंगडाशी चांगला जुळतो आणि फळाच्या चवीत सहसा फारसा फरक पडत नाही. बी आपल्याकडे सहज मिळते. एकसारखी उगवण देणारे, जोमदार वाढीचे वाण निवडावे. मात्र दुधीला त्याचा स्वतःचा मर रोग असतो. जपानमध्ये दुधीच्या खुंटाचा वापर वाढल्यावर या रोगाने त्रास दिला होता. म्हणून ज्या रानात दुधीची मर झालेली आहे, तेथे हा खुंट घेऊ नये.

संकरित भोपळा : भोपळ्याच्या दोन जातींच्या संकरातून खास खुंटासाठी तयार केलेले हे वाण आहेत. मर रोगास चांगला प्रतिकार, जोरकस मुळे आणि थंड जमिनीतही मुळांचे काम चालू राहणे हे त्यांचे गुण आहेत. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या लागवडीस ते सोयीचे ठरतात. फळाचा गर अधिक घट्ट होतो, ही बाब लांबच्या बाजारपेठेसाठी चांगली आहे. दोष असा की वेल माजतो, फळे उशिरा पिकतात आणि खुंट व वाण यांचा मेळ बसला नाही तर गोडी कमी होणे किंवा गरात पिवळसर पट्टे दिसणे असे प्रकार घडतात.

रानटी कलिंगड : कलिंगडाच्या या जवळच्या नातलगातील काही निवडींत मर रोग व सूत्रकृमी या दोन्हींना प्रतिकार आढळतो. अमेरिकेत असे खुंट तयार झालेले आहेत. सूत्रकृमीग्रस्त जमिनीसाठी खुंट शोधताना याच गटाची चौकशी करावी.

बाजारातील भाजीच्या तांबड्या भोपळ्याचे बी खुंट म्हणून सरसकट वापरू नये. त्यात जुळणीचा व फळाच्या प्रतीचा भरवसा नसतो.

बी पेरण्याची वेळ

कलम यशस्वी होण्यासाठी दोन्ही रोपांच्या खोडांची जाडी जुळणे आवश्यक आहे. भोपळ्याचे रोप झपाट्याने वाढते, कलिंगडाचे सावकाश. म्हणून खाली दिलेल्या दोन्ही पद्धतींत कलिंगडाचे बी आधी पेरावे लागते. दुधीचे बी कठीण कवचामुळे उशिरा व मागेपुढे उगवते, तेव्हा ते रात्रभर पाण्यात भिजवून पेरावे. नेमके किती दिवस अंतर ठेवावे हे वाण, खुंट व हवामान यांवर अवलंबून असते. यासाठी मुख्य पेरणीपूर्वी दोन्हींच्या वीस-वीस बिया लावून पाहाव्यात व कोणते रोप किती दिवसांत कलमास येते याची नोंद ठेवावी. एवढ्या छोट्या चाचणीने पुढे शेकडो रोपे वाया जाण्याचे टळते.

रोपे कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेमध्ये, शेडनेटखाली वाढवावीत. खुंटासाठी मोठ्या कप्प्यांचे ट्रे वापरावेत. कलम करण्याच्या साधारण अर्धा दिवस आधी ट्रेला पाणी द्यावे. कलम करताना रोपे टवटवीत, पण पाने व खोड कोरडे असावे.

कलम करण्याच्या पद्धती

काम सावलीत, वारा लागणार नाही अशा ठिकाणी, सकाळी किंवा संध्याकाळी करावे. नवीन ब्लेड वापरावे, ते स्पिरिटने वारंवार पुसावे व धार कमी होताच बदलावे.

अ) जीभ कलम : नवशिक्यासाठी ही पद्धत सोपी आहे, कारण जोड बसेपर्यंत दोन्ही रोपे आपापल्या मुळांवर जगतात.
१) दोन्ही रोपे मुळांसह काढून घ्यावीत. खुंटाचा शेंडा बीजदलांच्या (बी उगवताना प्रथम दिसणाऱ्या दोन जाड पानांच्या) मधून पूर्णपणे काढावा.
२) खुंटाच्या खोडावर बीजदलांच्या खाली वरून खाली तिरका काप द्यावा. काप खोडाच्या निम्म्या जाडीपर्यंत असावा.
३) कलिंगडाच्या खोडावर तेवढ्याच उंचीवर खालून वर तसाच काप द्यावा.
४) दोन्ही जिभा एकमेकींत अडकवून क्लिप लावावी व दोन्ही रोपे एकाच पिशवीत किंवा कपात लावावीत.
५) सुमारे १० ते १२ दिवसांनी जोड पक्का झाल्यावर कलिंगडाचे खोड जोडाच्या खाली कापून टाकावे. प्रथम चार-पाच रोपांचे कापून दोन दिवस पाहावे, ती तरली तर बाकीच्यांचे कापावे.

ब) एक बीजदल कलम : मोठ्या संख्येने रोपे करणाऱ्या रोपवाटिकेसाठी ही पद्धत जलद आहे.
१) खुंटाचे पहिले खरे पान दिसू लागले की त्याचे एक बीजदल व शेंडा एकाच तिरक्या कापाने काढावा. दुसरे बीजदल जपावे. जोड बसेपर्यंत खुंटाला अन्न पुरवणारे तेच असते.
२) कलिंगडाचे रोप बीजदलांच्या खाली दीड ते दोन सें.मी. अंतरावर तेवढ्याच तिरकस कापाने तोडावे.
३) दोन्ही काप एकमेकांवर सपाट बसवून क्लिप लावावी. मध्ये फट किंवा मातीचा कण राहू देऊ नये.

याशिवाय खुंटाच्या शेंड्याच्या जागी टोकदार काडीने भोक पाडून त्यात कलिंगडाचा निमुळता केलेला शेंडा खुपसण्याची पद्धतही आहे. तिच्यासाठी कलिंगडाचे रोप खुंटापेक्षा बारीक लागते, म्हणून तेथे खुंटाचे बी आधी पेरतात. तिला क्लिप लागत नाही, मात्र हात बसलेला हवा.

कोणत्याही पद्धतीत खुंटाचा शेंडा अर्धवट राहिल्यास तो पुन्हा फुटतो आणि कलिंगडाला मागे टाकून भोपळ्याचा वेल वाढू लागतो. असे फुटवे दिसताच खुडावेत. शेतात लावल्यावरही पहिले तीन-चार आठवडे यावर लक्ष ठेवावे.

कलमांची निगा

सर्वाधिक मर होते ती पहिल्या आठवड्यात. विशेषतः एक बीजदल व भोक कलमात वरच्या शेंड्याला मुळे नसतात, तेव्हा त्यातील पाणी उडून जाऊ न देणे हाच निगेचा गाभा आहे. बांबूच्या कमानी करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक व वरून शेडनेटचे दोन थर घालावेत. तळाशी ओली वाळू पसरावी. आतील हवा दमट, म्हणजे ९० ते ९५ टक्के आर्द्रतेची व तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असावे. आत तापमापक टांगल्याशिवाय हे काम करू नये.

पहिले दोन-तीन दिवस बोगदा बंद व मंद उजेडात ठेवावा. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ उघडावा व दररोज वेळ वाढवत न्यावा. पाने मलूल दिसताच पुन्हा झाकावे. सात-आठ दिवसांनी रोपे बाहेर काढून आणखी आठवडाभर शेडनेटखाली ठेवावीत व पाणी बेताने देऊन काटक करावीत. कलमावर वरून पाण्याची झारी धरू नये. जोडात पाणी शिरल्यास तो कुजतो.

आपल्याकडे दोन अडचणी येतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री थंडी पडते, तेव्हा संध्याकाळी बोगद्यावर गोणपाट टाकावे. फेब्रुवारीनंतर दुपारी प्लॅस्टिकच्या आत उष्णता फार वाढते, तेव्हा सावली वाढवावी आणि बोगदा शक्यतो झाडाखाली किंवा छपराखाली करावा.

शेतातील लागवड

लागवड करताना होणाऱ्या एका चुकीने सर्व खर्च पाण्यात जातो. ती चूक म्हणजे जोड मातीत गाडणे. जोड जमिनीपासून दोन-तीन सें.मी. वर राहिलाच पाहिजे. तो मातीला टेकला तर कलिंगडाच्या खोडाला मुळे फुटतात, ती जमिनीत शिरतात आणि रोगाला वाट मिळते. मग खाली खुंट निरोगी असूनही वेल मरतो. आंबा किंवा टोमॅटोचे रोप लावताना बुडख्याला माती ओढण्याची मजुरांना सवय असते. म्हणून लागवडीच्या दिवशी पहिल्या दहा रोपांची लागवड स्वतः करून दाखवावी. नंतर खुरपणीतही बुडख्याला भर देऊ नये.

कलमी वेलाची मुळे जोरकस असल्याने तो अधिक जागा व्यापतो, म्हणून अंतर वाढवावे. सहा फूट बाय सव्वा फुटावर साधे कलिंगड लावत असल्यास कलमी रोपे सहा फूट बाय दोन फुटांवर लावून पाहावीत.

खतातही हात आखडता घ्यावा. कलिंगडासाठी हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद व ५० किलो पालाश अशी सर्वसाधारण शिफारस आहे. मातीपरीक्षणानुसार त्यात बदल करावा. संकरित भोपळ्याच्या खुंटावर पहिल्या वर्षी नत्र सुमारे एक चतुर्थांशाने कमी करून पाहावे व उरलेल्या नत्राचा मोठा हिस्सा फळधारणेनंतर द्यावा. सुरुवातीला नत्र जास्त झाल्यास वेल हिरवागार दिसतो, परंतु फुले व फळे उशिरा लागतात. मधमाश्यांना अपाय होऊ नये म्हणून फुलोऱ्यात सकाळी कीटकनाशक फवारू नये.

काढणी आणि फळाची प्रत

कलमी वेलावरची फळे साध्या वेलापेक्षा काही दिवस उशिरा पिकू शकतात. नेहमीच्या दिवसांवर अंदाज बांधून तोडणी केल्यास फळ फिके निघते आणि दोष कलमाच्या माथी येतो. म्हणून पक्वतेच्या खुणा पाहूनच तोडावे. फळाच्या देठाजवळची बाळी सुकलेली असावी. जमिनीला टेकलेल्या भागाचा पांढरा रंग पिवळसर झालेला असावा. बोटाने वाजविल्यास टणटण आवाजाऐवजी बदबद असा आवाज यावा. तोडणीपूर्वी रानाच्या निरनिराळ्या भागांतील तीन-चार फळे कापून चव घ्यावी. रिफ्रॅक्टोमीटर उपलब्ध असल्यास मधल्या गराची गोडी मोजावी.

खर्चाचा मेळ

कलम परवडते की नाही, हे आपल्या रानात किती वेल मरतात यावर ठरते. याचा हिशेब कसा करावा, हे पुढील उदाहरणावरून दिसेल. यातील दर केवळ उदाहरणादाखल धरले आहेत, त्या जागी आपले दर घालावेत.

सहा फूट बाय सव्वा फुटावर एकरी सुमारे ५,८०० साधी रोपे बसतात. रोप ३ रुपयांना धरल्यास खर्च १७,४०० रुपये होतो. सहा फूट बाय दोन फुटांवर एकरी सुमारे ३,६३० कलमी रोपे बसतात. रोप १० रुपयांना धरल्यास खर्च ३६,३०० रुपये होतो. म्हणजे जादा खर्च १८,९०० रुपये. कलिंगडाला किलोला ७ रुपये भाव मिळत असेल, तर हा खर्च भरून येण्यासाठी २,७०० किलो माल वाचला पाहिजे. साधा वेल सरासरी ३ किलो माल देत असल्यास तो ९०० वेलांचा माल झाला. ५,८०० वेलांपैकी ९०० म्हणजे शंभरी १५ ते १६ वेल.

तेव्हा या दरांत ज्याच्या रानात शंभरातील पाच वेल मरतात, त्याने कलमावर पैसा घालू नये. पीक फेरपालट, निचरा आणि मर रोगास सहनशील वाण एवढ्यावर भागेल. ज्याच्या रानात तीस-चाळीस वेल मरतात, त्याला कलम परवडण्याची शक्यता आहे. भाव दुप्पट झाला, तर हीच मर्यादा शंभरी आठ वेलांवर येते. या हिशेबात कलमी वेल कमी संख्येतही पूर्ण उत्पादन देतील, म्हणजे प्रत्येकी सुमारे ४.८ किलो माल देतील, असे गृहीत आहे. तसे होते की नाही, हे स्वतःच्या रानात वजन करूनच ठरवावे.

पहिल्या वर्षी काय करावे

चालू हंगामात मेलेले वेल मोजून वहीत लिहावेत व रानाचा कोणता भाग जास्त रोगट आहे, याचा कच्चा नकाशा काढावा. पुढील हंगामात त्या सर्वांत वाईट भागात दोन ओळी कलमी व शेजारी दोन ओळी त्याच वाणाच्या साध्या रोपांच्या लावाव्यात. मेलेले वेल, एकूण वजन, फळाची गोडी व काढणीचा दिवस या चारच गोष्टींची नोंद ठेवावी. रोपे विकत घेणार असल्यास खुंट कोणता आहे हे बिलावर लिहून घ्यावे, खुंटाचे बीजदल शाबूत व जोड एकजीव असलेलीच रोपे घ्यावीत.

कलमी पीक घेतले म्हणून फेरपालट सोडू नये. मेलेले वेल उपटून बांधावर टाकू नयेत, जाळून नष्ट करावेत. रोगट रानातील अवजारे धुतल्याशिवाय दुसऱ्या रानात नेऊ नयेत. एप्रिल-मे महिन्यांत रान मोकळे असल्यास ओलवून पारदर्शक प्लॅस्टिकने चार ते सहा आठवडे झाकून तापवावे. खुंट रोगाला वेलात शिरू देत नाही, परंतु जमिनीतील बुरशी नाहीशी करत नाही. ती कमी करण्याचे काम शेतकरी बंधू-भगिनींनाच वर्षानुवर्षे चालू ठेवावे लागेल.